गस्तन सार आणि माझं बोट

मद्रासमध्ये माझ्याशी पहिलं मराठी वाक्य बोलला तो माणूस फ्रेंच होता. मला त्याचा संशय यायला एवढं पुरेसं होतं.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्यात मला स्टोअरकीपरची नोकरी लागली होती. कराडहून ट्रंक आणि वळकटी घेऊन मी अण्णा नगरात सेतुरावांच्या फाटकापुढे उभा होतो. सेतुराव तंजावरकडचे मराठी. त्यांच्याकडे खालच्या मजल्यावरची बाजूची खोली भाड्याने मिळेल असं कळलं होतं. फाटकाच्या कडीला तार गुंडाळलेली होती. त्या तारेशी माझी झटापट चालली असताना वरच्या गच्चीतून आवाज आला.

"डावीकडून ओढावें, मग सुटतें. आपण कराडाहून आलांत कीं? मामी देवघरांत आहेत. आंत यावें."

मी वर बघितलं. उंच, उघडा, उन्हाने तांबूस झालेला माणूस. कमरेला लुंगी, डोळे मांजराचे, डोक्यावर वाळक्या गवतासारखे केस. मी वळकटी माझ्याच पायावर टाकली.

त्याचं नाव गस्ताँ. घरातले गस्तन म्हणत आणि रस्त्यातले गस्तन सार. मराठी तो सेतुरावांच्या पत्नीकडून, राधामामींकडून शिकला होता. मामींना तमिळ येई आणि तंजावरी मराठी, म्हणजे कधीकाळी घोड्यावर बसून दक्षिणेत उतरलेली आणि परत न गेलेली मराठी. तीच हा पॅरिसचा माणूस बोलायचा. 'झालं' नाही, 'जाहलें'; 'म्हणतो' नाही, 'मणतो'. आणि हे सगळं तमिळ चालीत. एकदा मी सवयीने "काय राव!" म्हणालो, तर गंभीरपणे म्हणाला, "राव हे खालीं राहतात. मी गस्तन."

त्याची एक सवय होती. काहीही विचारलं की आधी दोन्ही गाल फुगवायचा, हळूहळू हवा सोडायचा आणि मगच बोलायचा. "आधीं श्वास, मग उत्तर," म्हणायचा. मला वाटे, हा उत्तर जुळवायला वेळ काढतो आहे. 'कॉफी झाली का?' या प्रश्नाला कोण गाल फुगवतं?

संशय घ्यायला ते घरही मोठं पोषक होतं. सेतुरावांनी उभा जन्म ऑडिट खात्यात काढला होता. दूधवाला दूध घालून गेला की ते पातेल्याकडे न बघता दूधवाल्याच्या पाठीकडे बघत राहत. कोणी आजारी आहे म्हणालं तर "कशावरून?" विचारत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "कराडचे मणतां. कराडांत कोणत्या नद्या?" मी सांगितल्या. "पुस्तकांतही असतें तें," म्हणाले. अशा माणसाबरोबर रोज संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर माझी त्या शास्त्रात झपाट्याने प्रगती झाली.

गस्तनची कारकीर्द हा आमचा आवडता विषय. त्याचं म्हणणं, तो सॅक्सोफोन वाजवतो. पॅरिसमध्ये तळघरांतून जाझ वाजवायचा. तिथे धूर एवढा, की वादक एकमेकांना खोकल्यावरून ओळखायचे. मग एका जहाजावरच्या बँडमध्ये लागला. जहाज दुरुस्तीसाठी मद्रासला थांबलं, हा पाय मोकळे करायला मैलापूरपर्यंत गेला, आणि देवळाच्या मिरवणुकीत त्याने नागस्वरम, म्हणजे तिकडची लांबलचक सनई, ऐकलं. जहाज गेलं. हा राहिला. पोटासाठी हॉटेलात वाजवलं, कोडंबाक्कमला सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं. "खलपुरुष जिना उतरूं लागतो, तेव्हां जें वाजतें, तें मी," असं तो अभिमानाने सांगे. आणि सकाळी पिळ्ळै नावाच्या नागस्वरम-वादकाकडे शिकायला जाई. पिळ्ळै त्याला सुरांच्या जवळ फिरकू देत नसत. मागे बसून नुसता 'सा' धरायला लावत. त्यांच्याकडे मुख्य वादकामागे एक जण एवढंच करतो, लग्न लागो की देव निघो, एक सूर सोडत नाही.

"रेकॉर्ड आहे एखादी? फोटो?" सेतुराव विचारत.

गस्तन गाल फुगवी. "नाहीं."

"वौचर नाहीं," सेतुराव माझ्याकडे बघून म्हणत.

एकदा खातरजमा करायला आम्ही सगळे सिनेमाला गेलो. खलनायक जिना उतरू लागला तसे सेतुरावांनी नीट ऐकू यावं म्हणून डोळे मिटले. ते मध्यंतरापर्यंत उघडले नाहीत. मामी तेवढ्या म्हणाल्या, "आपला गस्तनच तो. श्वास ओळखूं येतो."

पण खरी गोम वेगळीच होती. मी राहायला आल्यापासून त्याच्या खोलीतून सॅक्सोफोनचा एक सूर ऐकला नव्हता. काळी पेटी होती. दोन खटक्यांची, वर सुतळीने आवळलेली. ती घेऊन तो बाहेर जाई, घेऊन परत येई. मी एकदा जिन्यात सहज म्हणून तिला हात लावायला गेलो, तर त्याने ती तान्ह्या मुलासारखी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मामींनी मला खुलासा केला. त्या मोरीजवळ चिंच कोळत बसल्या होत्या.

"माझ्या हातचें पाप तें," त्या म्हणाल्या. "गोकुळाष्टमीस सीडै केलीं होतीं." सीडै म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या, चुकल्या तर गोफणीत घालाव्यात अशा होतात. "एक ह्यानें चावली. वरचा पुढचा दांत गेला, अय्यो! तें वाद्य वरच्या दांतांवर टेकावें लागतें मणे. नवा दांत बसविला, तर सूर थरथरतो. तेव्हांपासून पेटी उघडीत नाहीं कोणापुढें. आमच्या लेकीचें, पद्माचें लग्न होईपर्यंत राहतों मणतो. तोंवर वाजलें तर वाजलें, नाहीं तर देशास परत जातों मणतो. जाऊन काय करील? तेथें त्याचें कोण आहे?"

मी चेहरा दुःखी केला आणि खोलीत येऊन विचार केला. दात पडला म्हणून कारकीर्द संपते? माझ्या आजोबांच्या तोंडात एक दात नव्हता आणि ते ऊस खायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि मग पाणी ऐकूही येऊ लागलं. रोज पहाटे वरच्या मजल्यावरून बुडबुड असा आवाज येई. एकसारखा, न थांबता. चुलीवर काहीतरी मंद उकळत ठेवावं तसा. तेव्हा मद्रासमध्ये दारूबंदी होती. त्यात मी त्याला परसातल्या पपईची देठं तोडून वर नेताना दोनदा पाहिलं. पोकळ, लांब, नळीसारखी देठं. सेतुरावांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पपईच्या झाडाकडे बघत राहिले.

"वास?" त्यांनी विचारलं.

वास घेण्याची कामगिरी माझ्यावर आली. रविवारी सकाळी काडेपेटी मागायच्या निमित्ताने मी वर गेलो आणि दार न वाजवता आत शिरलो. गस्तन जमिनीवर मांडी घालून बसला होता. पुढे पितळी लोटा, लोट्यात पाणी, पाण्यात पपईचं देठ, देठाचं दुसरं टोक त्याच्या तोंडात. गाल बेडकासारखे फुगलेले. पाणी बुडबुडत होतं आणि नाकाने तो श्वास आत घेत होता, पण बुडबुडे खंडत नव्हते. मला बघूनही थांबला नाही. नुसती मान हलवून बसायला सांगितलं.

मी लोट्याजवळ वाकून जोरात वास घेतला. थोडं पाणी नाकात गेलं. मला शिंक आली ती त्याच्या लोट्यात.

त्याने शांतपणे लोटा खिडकीतून रिकामा केला. "श्वास शिकतों," तो म्हणाला. "आंत येतांना बाहेर जावा, असा. पिळ्ळै मणतात, सूर तुटतां नये. वाद्य नसतांही हें करतां येतें. दांत लागत नाहीं." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "काडेपेटी आपल्या खिशांतच आहे."

होती. वर डोकावत होती.

"पाणीच आहे," मी खाली येऊन सांगितलं.

"आज पाणी," सेतुराव म्हणाले.

यानंतर गिंडी. आमच्या कारखान्याच्या शेजारी लेथकामाची एक छोटी शेड होती. एका दुपारी गेटपास बघताना मी सहज मान वळवली, तर गस्तन पेटी घेऊन त्या शेडमध्ये शिरत होता. दुसऱ्या आठवड्यातही. मी जेवणाची सुट्टी पत्र्याच्या फटीपाशी घालवू लागलो. त्याने लेथवरच्या माणसाला कागदावर काढलेली आकृती दाखवली. पितळेची एक निमुळती नळी यंत्रावर फिरत होती. गस्तन ती उचलून एक डोळा मिटून आरपार बघायचा, मान हलवायचा, परत द्यायचा. मी व्हॉल्वमधला माणूस. भोक दिसलं की त्यातून काय जाणार हाच विचार आधी येतो. यातून पाणी जाणार नव्हतं, वाफही नाही. मग एवढ्या काळजीने घासलेल्या नळीतून काय जातं?

संध्याकाळी ओट्यावर मी तो शब्द उच्चारला. बंदूक.

सेतुराव पहिल्यांदाच माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून बसले, आणि तेही नेमके तेव्हाच. मुलीचं लग्न पंधरवड्यावर आलं होतं. त्यांनी गस्तनला खाली बोलावलं.

"काय करवितां गिंडींत?"

गस्तनने गाल फुगवले. हवा सोडली आणि पुन्हा फुगवले. शेवटी म्हणाला, "लग्न झाल्यावर सांगतों."

"कां? लग्नांत काय होणार आहे?"

"कदाचित् कांहींच नाहीं," गस्तन म्हणाला.

एखाद्या संशयिताने यापेक्षा वाईट उत्तर देणं मला शक्य वाटत नाही. सेतुरावांनी हुकूम सोडला: लग्न होताच खोली रिकामी करायची, मांडवात पाहुणा म्हणून यायचं, पुढच्या रांगेत बसायचं, ती पेटी मांडवात आणायची नाही. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्या रात्री सांबारात मीठ नव्हतं, आणि ते फक्त माझ्या वाटीत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मी मांडवात सकाळपासून दक्ष होतो. सेतुरावांनी मला खास नेमलं होतं: "त्याच्यावर दृष्टि ठेवा." दाराशी केळीचे खुंट, बोहोल्यावर नवरा-नवरी, होमाचा धूर. एका बाजूच्या चौथऱ्यावर पिळ्ळै नागस्वरम घेऊन, शेजारी तविल नावाचे जाडजूड ढोल घेतलेले दोघे. पुढच्या रांगेत गस्तनची खुर्ची. ती रिकामी.

मी चहूकडे नजर फिरवली. पिळ्ळैंच्या मागे, केळीच्या पानांच्या आडोशाला तांबूस मान दिसली. गस्तन खाली वाकला होता. सुतळी सोडत होता. खटका उघडल्याचं मला दिसलं, आणि मग पेटीतून वर येणाऱ्या त्याच्या मुठीत ती पितळी नळी चकाकली.

सेतुराव बोहोल्यावर माझ्याकडेच बघत होते. मला ओरडता येईना, लग्नघर होतं. म्हणून मी उजव्या हाताचं बोट उंच केलं आणि केळीच्या दिशेने जोरजोरात हलवलं.

आता आमच्या कराडात लग्नात बोट वर केलं तर फार तर वाढपी मठ्ठा घेऊन येतो. तिथे मात्र त्या बोटाला मोठा अर्थ आहे. मंगळसूत्र बांधायच्या नेमक्या क्षणी भटजी किंवा वडीलधारे बोट वर करून हलवतात, आणि वाजंत्री जीव तोडून एकदम वाजवू लागतात. याला गेट्टी मेळम म्हणतात. त्या घडीला कोणाची शिंक, रडणं, वाईट शब्द कोणाच्या कानी पडू नये, म्हणून तो कल्लोळ. हे मला माहीत नव्हतं. तविलवाल्यांना माहीत होतं.

मांडव फुटला. दोन्ही तविल आणि पिळ्ळैंचं नागस्वरम एकाच वेळी कडाडलं. लोकांनी अक्षता उधळल्या. नवऱ्यामुलाने घाबरून ताटातलं मंगळसूत्र उचललं. पद्मा मागे सरकली. भटजी दोन्ही हात वर करून ओरडले, "निरुत्तु! निरुत्तु! थांबा! मुहूर्त व्हायचा आहे!" शेवटी पिळ्ळैंनी तोंडातून वाद्य काढलं. तविल थांबले.

पण एक सूर थांबला नाही.

केळीमागे गस्तन डोळे मिटून, गाल फुगवून वाजवत होता. नुसता 'सा'. त्याला काही कळलंच नव्हतं. भरदार, किंचित खरखरीत, जमिनीलगत पसरत जाणारा सूर. सगळा मांडव माना वळवून त्याच्याकडे बघत होता. मग बहुधा त्यालाही शांतता जाणवली. त्याने डोळे उघडले, शेकडो डोळे आपल्यावर रोखलेले पाहिले, आणि सूर हलला. थरथरला. मामी "अय्यो" म्हणून पदर तोंडाला लावून उभ्या.

सेतुराव बोहोल्यावरून उतरू लागले. भटजींनी त्यांचं उपरणं धरलं.

"त्याला थांबवूं नका! मंगळवाद्य सुरू जाहलें, गांठ पडायच्या आधीं तुटलें तर अशुभ. तोच एक सूर राहिला आहे. धर, बाबा, धर!"

पिळ्ळै मागे वळले. एरवी गस्तनकडे न बघणारे पिळ्ळै. त्यांनी तळहात जमिनीला समांतर धरला, स्थिर. गस्तनने पुन्हा डोळे मिटले. पितळी माउथपीस त्याने ओठांत थोडं तिरपं सरकवलं, बाजूच्या शाबूत दातांवर. नाकाने श्वास आत, गालांतून बाहेर. पपईचं देठ. सूर सरळ झाला.

मुहूर्ताला वेळ होता. भटजी मंत्र म्हणत राहिले, आणि त्यांच्या खाली तो सूर अंथरलेला. काही वेळाने पिळ्ळैंनी नागस्वरम तोंडाला लावलं आणि त्या 'सा'वर अगदी हळू एक राग मांडायला सुरुवात केली. जणू हे असंच ठरलं होतं. शेवटी सेतुरावांनी स्वतः बोट वर केलं, तविल पुन्हा कडाडले, पद्माच्या गळ्यात गाठ पडली, आणि त्या गदारोळात गस्तनचा सूर बुडून गेला. मी तेव्हा माझ्या बोटाचं काय करावं या विचारात ते खिशात घालून उभा होतो.

खरी हकीकत मामींनी गस्तनकडून काढून घेतली आणि जेवणाच्या पंगतीत वाढताना सांगितली, माझ्या पानाला वळसा घालून. नळी म्हणजे वाद्याचं तोंड. पडलेल्या दाताला टाळून बसेल असं ते त्याने करवून घेतलं होतं. पण त्यावर वाजवून बघायचा त्याला धीर होत नव्हता. सूर लागला नाही तर ते स्वतःच्याही कानी पडू नये, म्हणून त्याने सगळ्या मद्रासमधली सगळ्यांत मोठ्या गोंगाटाची घडी निवडली होती. गेट्टी मेळम. तिथे तो वाजवणार होता, कोणाला न ऐकू येता. ओठांना कळलं असतं, बस्स. आणि तेवढ्यावर परत जायचं की राहायचं ते ठरणार होतं.

सेतुराव संध्याकाळी ओट्यावर त्याला म्हणाले, "हा सूर इतके दिवस कोठें ठेविला होता?" त्यांच्या स्वरात अजूनही शेरा होता. मग थोड्या वेळाने, "खोली राहूं द्या. पावसांत गळते. सांगितलें नाहीं कधीं तुम्हीं."

"आपण विचारलें नाहीं," गस्तन म्हणाला. गाल न फुगवता.

त्या दिवसापासून घरातला संशय संपला असं नाही. त्याने फक्त जागा बदलली. मी खोलीत शिरलो की गस्तन आधी माझ्या हातांकडे बघे, मग चेहऱ्याकडे. मी बसमध्ये कंडक्टरला थांबवायला हात वर केला तरी तो शेजारी दचके. पॅरिसचं वौचर त्याने कधीच दिलं नाही. पुढे एका फ्रेंच प्रवाशाला मी त्याचं नाव विचारलं, त्याने खांदे उडवले. वरच्या मजल्यावर मग रोज वाजू लागलं, पण नुसता 'सा', आणि वर्षभरात माझी बदली झाली. त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला मी ऐकलेला सूर एकच.

शेवटचा तो दिसला नव्वदच्या दशकात, मद्रासचं चेन्नई झाल्यानंतर. पद्माच्या मुलीचं लग्न होतं. सेतुराव आणि मामी दोघंही नव्हते. पिळ्ळैंच्या जागी त्यांचा मुलगा बसला होता. 'सा' धरायला आता विजेवर चालणारी डबी मिळते, सगळे तीच वापरतात. पण या ताफ्यात मागे पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेला, वाकलेला, पूर्ण पांढऱ्या केसांचा एक माणूस सॅक्सोफोन घेऊन बसला होता. कपाळावर गंध. मांडवातल्या मुलांना तो फ्रेंच आहे हे सांगावं लागलं असतं.

मुहूर्त जवळ आला होता. त्याने मला गर्दीत पाहिलं. ओळख पटल्याचं काही दाखवलं नाही. आधी हातांकडेच बघितलं. मग हनुवटीने जवळ बोलावलं.

"बसावें," तो म्हणाला. दात सगळे नवे होते. मी त्याच्या शेजारी मांडी घातली. त्याने मागून ती काळी पेटी ओढली, वाद्य बाहेर काढल्यावरही सुतळीने पुन्हा आवळलेली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. माझे दोन्ही हात धरून तिच्यावर पालथे टेकवले.

"दोन्ही हातांनीं धरावी. गांठ पडेपर्यंत."

मग त्याने वाद्य तोंडाला लावलं, गाल फुगले, आणि तो जमिनीलगतचा सूर सुरू झाला, नव्या दातांवरही न थरथरता. मंत्र चालले होते. मी पेटी धरून बसलो. वाद्य तर बाहेर होतं, आणि तरी पेटी हलकी नव्हती. आत काहीतरी होतं. मी किंचित कलती केली, तर एका बाजूला सरकलं. तो डोळे मिटून वाजवत होता. सुतळीची गाठ माझ्या नखाशी होती, सैल. उघडून बघावं असं फार वाटलं, पण त्यासाठी बोट उचलावं लागलं असतं.